कानाडोळा

रोझारिओ. तिसरा मजला. नदीकडची खिडकी.
ओफेलिया बासुआल्दो फोन कानाशी धरते
आणि बोटाने टिचकी मारते,
कलिंगड पिकलंय का पाहावं तशी.

मी कंपनीचा माणूस. मांडीवर फॉर्म,
अठ्ठावीस प्रश्न, एक ते पाच गुण,
हातात तिने दिलेला कडू येर्बाचा पेला.

फोन बोलू लागतो, इतका भरभर
की मला चाळणीतून रवा पडल्यागत ऐकू येतं.
"हळू करू? तुम्हा डोळसांचे कान फार सावकाश."
एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती ती,
श्वासावरून ओळखायची, कोण उधार मागायला फोन करतंय.

"बिटकॉइन. खाली. चार पूर्णांक दोन टक्के."
या आकड्यामागचा लाल रंग
आमच्या तिघांनी सहा आठवडे शोधला होता.
दचकवेल, पण पळवून लावणार नाही,
असा लाल.
"उतरलं तर उतरलं," ती म्हणते,
आणि पुढे जाते.

पैसे भरा, बटण.
विकत घ्या, बटण.
आणखी विकत घ्या, बटण.
मैत्रिणीला बोलवा, बक्षीस मिळवा, बटण.
ती घेते, थोडं इथेर, चाचणीच्या खोट्या पेसोंचं.
पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो.
खोलीत काहीच होत नाही.
"थांबलास का? काही झालं?"
"काही नाही. सजावट."
"हं."

मग तिचं बोट उजव्या कोपऱ्यात सरकतं.
"बटण," फोन म्हणतो.
टिचकी.
"बटण."
ती मान तिरकी करते,
जुन्या लाइनवर कुणी गप्प बसलं असावं तशी.
"कसलं?"
"विका," मी सांगतो. "सगळं विका, पैसे काढा."
"मग ते तसं म्हणत का नाही?"

राहून गेलं, मी म्हणतो.
खरं तर ते दोन शब्द मलाच लिहायचे होते.
यादीत होते, खालून दुसरे.
गुरुवारी ॲप बाजारात जायचं होतं
आणि मी कानाडोळा केला.
किती सहज येतो हा शब्द,
कान आणि डोळा, दोन्ही शाबूत असलेल्या माणसाला.

ती रागावत नाही. पेला मागते, गरम पाणी ओतते,
थेंबही सांडत नाही.
"त्या डिसेंबरात बँका बंद झाल्या ना,
तेव्हा मी वडिलांसोबत गेले होते.
बसचे ब्रेक दुरुस्त करायचे ते. बावीस वर्षांची शिल्लक आत.
बायका शटरवर पातेली बडवत होत्या.
वडील म्हणाले, दार बंद आहे, उद्या येऊ.
मी हात लावून पाहिला, वाजवून पाहिलं.
दार पोकळ वाजतं रे.
ती भिंत होती.
त्यांना सांगितलं नाही मी."

खाली रस्त्यावरून एक मोटरसायकल जाते.
"चल, लिही तुझे गुण."

वेग, पाच. आवाजाची स्पष्टता, चार.
सजावट, कोरं सोड.
अठ्ठाविसावा प्रश्न: आपण हे इतरांना सुचवाल का?
"लिही: आत यायच्या दाराला चार नावं आहेत,
बाहेर पडायच्या दाराला एकही नाही."
मी टाइप करतो.
चौकटीत मोजकीच अक्षरं मावतात,
वाक्य "बाहेर"पाशी तुटतं.
तिला वाचून दाखवताना
मी ते पूर्ण वाचतो.

निघताना जिन्यात दिवा नसतो.
मी भिंत चाचपत उतरतो, खिशात फोन, तोंडात कडू चव.
वरून तिचा आवाज येतो,
सावकाश, माझ्या कानांना झेपेल असा:
"अकरा पायऱ्या, मग डावीकडे वळण, मग नऊ.
खालचं दार आत ओढायचं.
ढकलत बसू नकोस."